आत्महत्या झालेल्या घरी मुलाखतीला जाताना

यवतमाळ, वाशिम, अकोला, अमरावती, बुलडाणा, वर्धा, यांपैकी कुठंही बातमीदारी करून राहिले असाल, पेपरसाठी नाहीतर स्वतःच्या यूट्यूब चॅनलसाठी, तर शेतकरी आत्महत्येच्या घरी जायची वेळ येतेच.

तेरवीच्या आत शक्यतो जाऊ नका. बातमी लगेच लागते तर पोलीस पाटील, सरपंच, तलाठी यांच्याकडून मिळते तेवढ्यावर द्या. नंतर जायचं तर गावच्या आशाताईकडून (आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा सेविकेकडून) किंवा घरच्या ओळखीच्या कुणाकडून आधी विचारून घ्या, नाही म्हटलं तर विषय संपला. पुढाऱ्याच्या गाडीतून तर बिलकुल नको, घरच्यांना वाटते मदतवाले आले अन् ते त्या आशेनं बोलतात, त्याला काही परवानगी म्हणत नाहीत.

अन् इथं बोलण्याची किंमत पैशात मोजावी लागते हे डोक्यात ठेवा. शासनाची १ लाखाची मदत प्रकरण 'पात्र' ठरलं तरच मिळते, त्यात कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा असं पाहतात. आता ओसरीत अर्धं गाव जमलेलं, त्यात तुम्ही विचारता "भाऊ दारू प्यायचे काय?", गेलेल्या शेतकऱ्याची बायको गोंधळून काहीतरी बोलते अन् दुसऱ्या दिवशी तेच कात्रण गावात फिरते. दीर-जेठ तिथंच उभे असतात, सातबाऱ्यावर तिचं नाव चढायचं बाकी असते, म्हणून कर्जाचं अन् वावराचं चारचौघांत विचारूच नये. पण परक्या माणसानं तिच्यासोबत खोलीत एकटं बसणंही बरं नाही, गाव नंतर तिलाच बोलते. अंगणात बसा, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर, सोबत तिच्या मर्जीची कुणी बाई असली तर उत्तमच.

रेकॉर्डर दाखवून, विचारून चालू करा. "ताई, नको वाटलं तर थांबू, उत्तर नाही दिलं तरी चालते" हे आधीच सांगा. सुरुवात आजपासून करा, यंदा पऱ्हाटी कशी आहे, वावर कोण पाहते, लेकरांची शाळा कशी चालू आहे. "त्या दिवशी काय झालं" हे तुम्ही खोदून काढायचं नाही, ती स्वतः तिकडं वळली तर ऐका. मधात गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा, लगेच पुढचा प्रश्न फेकू नका. "कसं वाटते तुम्हाला" हा प्रश्न टीव्हीवाल्यांनी पार घासून टाकला आहे, तो सोडा. गेलेल्या माणसाचा फोटो हातात देऊन उभं करू नका अन् लेकरांसमोर माईक धरू नका.

लिहिताना कसं केलं, कोणतं औषध घेतलं, हे द्यायचं नाही, आत्महत्येच्या बातम्यांबद्दल प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या सूचना आहेत त्यांतही हेच आहे. 'कर्जापायी' असं एकाच कारणावर खापर फोडू नका. खाली टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर टाका, फुकट आहे.

आत्महत्या सोडून प्रकरण बलात्काराचं असलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम २३ आहेच. अन् नुसतं नाव गाळून भागत नाही बरं, चारशे उंबऱ्यांच्या गावात 'तीन एकरवाल्याची मोठी पोरगी' एवढं लिहिलं तरी झालं काम.

छापायच्या आधी जिच्याशी बोललात तिचं बोलणं तिला फोनवर वाचून दाखवा, काढा म्हटली ते काढा. एडिटरला हे आवडत नाही, पण पेपर आल्यावर त्या गावात राहायचं तिला असते, एडिटरला नाही. डेस्कवरून "रडतानाचा फोटो पाठव" आलं तर काढलाच नाही म्हणून सांगा, अन् खरंच काढू नका. वर्षभरानं फॉलोअप मागितला तर पुन्हा नव्यानं विचारायचं, मागच्या वेळचा होकार आता चालत नाही.