जुना 'प्रिन्स' पुन्हा खेळताय? या चुका टाळा

भुसावळला उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कॉम्प्युटर क्लासला जायचो. घरी सांगायचं, डॉस (विंडोजच्या आधीची सिस्टिम) शिकतोय. खरं कारण म्हणजे शेवटची 15 मिनिटं सर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावू द्यायचे. राजकुमारीला सोडवायला गेममध्ये 60 मिनिटं, आमच्या हातात पाव तास. त्यामुळे गेम कुणाचाच पुरा झाला नाही.

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, तेव्हा भाच्याच्या लॅपटॉपवर तोच गेम टाकला आणि एकेक चूक करत गेलो.

पहिली म्हणजे फाइलवर थेट डबल-क्लिक. आजच्या 64-बिट विंडोजवर डॉसच्या काळातले 16-बिट प्रोग्राम उघडतच नाहीत. गेमला दोष देऊ नका. डॉसबॉक्स हा डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम टाका, त्यात गेमचा फोल्डर माउंट करा, म्हणजे ड्राइव्हसारखा जोडा. गेम सुसाट पळाला तर कंट्रोल-एफ11, रडतखडत चालला तर कंट्रोल-एफ12. 'मंकी आयलंड'सारख्या माउसवाल्या गेमना स्कमव्हीएम हा असाच दुसरा प्रोग्राम जास्त सोयीचा.

दुसरी चूक जिवावर बेतली, प्रिन्सच्या. तलवारीचा वार शिफ्टवर असतो. भाचा पहारेकऱ्याला भिडला, दणादण शिफ्ट दाबत सुटला, आणि ऐन लढाईत विंडोजनं विचारलं, स्टिकी कीज (शिफ्टसारखी बटणं धरून न ठेवता वापरायची सोय) चालू करू का? खिडकी बंद करेपर्यंत प्रिन्स आडवा. "मामा, ही चीटिंग आहे!" लागोपाठ पाचदा शिफ्ट दाबलं की हे होणारच. सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट आधीच बंद करून ठेवा.

पहिली लेव्हल संपली की बाटल्यांची खोली येते. मॅन्युअलच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि त्याच अक्षराची बाटली प्या. चुकलात तर मेलात. कॉपी करणाऱ्यांना अडवायची ही युक्ती. आमच्या क्लासमध्ये मॅन्युअल कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एका वहीच्या मागच्या पानावर अक्षरं उतरवलेली होती, तीही निम्मी अंदाजानं. आता गेमसोबत मॅन्युअलची पीडीएफ आहे का, ते आधी बघा.

सेव्ह कंट्रोल-जीनं होतं, पण तिसऱ्या लेव्हलपासून. त्याआधी दाबून काही उपयोग नाही.

चित्र रुंद स्क्रीनभर ताणू नका, प्रिन्स जाडजूड दिसतो. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'आस्पेक्ट' ट्रू करा, जुन्या 4:3 मॉनिटरसारखं दिसेल.

आणि अडलात की लगेच यूट्यूब नको. चौथ्या लेव्हलच्या आरशापुढे भाचा अडला. मला उत्तर ठाऊक होतं, पण ओठ दाबून बसलो. आत आई मांडे-आमरसाला हाका मारतेय, आणि हा पठ्ठ्या मागे जाऊन पुन्हा धावत येतोय.