डिझेल पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल निवडताना या चुका टाळा

सर्व्हिसिंग करून आणल्यावर पंधरा दिवसांत माझी पिकअप थरथरायला लागली. वेग साठ-सत्तर, रस्ता सपाट, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका, आणि अचानक दोन-तीन सेकंद चाकांखाली कुणीतरी पन्हाळी पत्रा अंथरल्यासारखं वाटायचं. पाय जरा दाबला की थांबायचं. टायर बॅलन्स करून घेतले, इंजिनाची माउंटिंग तपासली, इंजेक्टरवरही संशय घेऊन झाला. दोष निघाला गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये. ‘डिझेल गाडी आहे, घट्ट ऑईल बरं’ म्हणून भलतंच भरलं गेलं होतं.

इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. त्या वेगाला त्याच्या आतला लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, धरायला लागतो. बऱ्याच गाड्यांत तो एकदम चिकटत नाही, किंचित घसरत घसरत धरतो. हे घसरणं मऊ राहावं म्हणून ऑईलमध्ये घर्षण सांभाळणारी रसायनं असतात आणि त्यांचं प्रमाण त्या गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटच्या अस्तराशी जुळवलेलं असतं. प्रमाण जुळलं नाही की क्लच धर-सोड, धर-सोड करतो आणि ती थरथर सीटपर्यंत पोचते.

डिझेल आहे म्हणून घट्ट ऑईल

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती समजून-उमजून केली जाते. डिझेल इंजिन कमी आरपीएमला भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, मागे ट्रेलर असतो, म्हणजे ऑईलही दणकट हवं, असा हिशोब मांडला जातो. पण क्लच प्लेट दाबून धरण्याचं काम ऑईलचा घट्टपणा करत नाही. ते काम हायड्रॉलिक प्रेशर करतं, आणि ते प्रेशर पंप, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलच्या वाटा असलेला भाग) आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) मिळून ठरवतात. व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटा ठरावीक पातळपणाचं ऑईल गृहीत धरून कोरलेल्या असतात. घट्ट ऑईल घातलं तर सकाळी थंड गाडीत गिअर उशिरा पडतो आणि पडतो तेव्हा हिसका देतो. जुन्या, घट्ट ऑईलवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये अतिपातळ घातलं तर उलट होतं: सीलांजवळून प्रेशर गळतं आणि प्लेटी घसरून जळतात.

एटीएफ+४, डेक्सरॉन, मर्कॉन ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑईलच्या स्पेसिफिकेशनची नावं. १०० अंश सेल्सिअसला ताज्या एटीएफ+४ चा घट्टपणा साधारण साडेसात सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतो, डेक्सरॉन ६ आणि मर्कॉन एलव्हीचा सहाच्या आसपास, तर नव्या, अतिपातळ यूएलव्ही ऑईलचा साधारण साडेचार. दहा गिअरच्या नव्या जड पिकअप सगळ्यात पातळ ऑईलवर चालतात आणि तरीही सगळ्यात जास्त ओझं ओढतात. ‘दणकट म्हणजे घट्ट’ हे गणित इथे लागूच पडत नाही.

गाडीचं नाव सांगून ऑईल घेणं

दुकानात गाडीचं नाव, इंजिन आणि वर्ष सांगितलं की डबा समोर येतो. पण ऑईल गिअरबॉक्सचं असतं, गाडीचं नव्हे. रॅम ३५०० ही अमेरिकन पिकअप घ्या. २०१३ पासून काही वर्षं त्याच ६.७ लिटर कमिन्स डिझेलमागे दोन वेगवेगळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळत होते. ६८आरएफईला एटीएफ+४ लागतं, आयसिनच्या एएस६९आरसीला एएसआरसी नावाचं वेगळं ऑईल. वर्ष तेच, इंजिन तेच, बाहेरून गाडीही तीच.

फोर्डच्या जड डिझेल पिकअपमध्ये सहा गिअरच्या ६आर१४० ला मर्कॉन एलव्ही आणि २०२० पासून आलेल्या दहा गिअरच्या १०आर१४० ला मर्कॉन यूएलव्ही. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या गाड्यांतही तसंच: सहा गिअरच्या ॲलिसन गिअरबॉक्सला डेक्सरॉन ६, २०२० पासूनच्या दहा गिअरच्याला डेक्सरॉन यूएलव्ही.

तेव्हा आधी गिअरबॉक्सचं मॉडेल शोधा. ते हाउसिंगवरच्या पट्टीवर असतं, चासी नंबरवरूनही कळतं. मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याच्यासमोर लिहिलेलं स्पेसिफिकेशन अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून दुकानात न्या.

डब्यावरची यादी वाचून समाधान

‘यासाठी योग्य’ आणि ‘मान्यताप्राप्त’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं ऑईल बनवणाऱ्याचं म्हणणं असतं, दुसऱ्यासाठी गिअरबॉक्सच्या कंपनीच्या चाचण्या पार कराव्या लागतात. खऱ्या डेक्सरॉन ६ च्या डब्यावर इंग्रजी ‘J’ अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो शोधा. पन्नास गाड्यांची नावं लिहिलेलं ‘मल्टी-व्हेइकल’ ऑईल वाईटच असतं असं नाही, पण गाडी वॉरंटीत असेल किंवा रोज ट्रेलर ओढत असेल तर मी ते घालणार नाही.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. लाल रंग फक्त गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो.

ऑईल बरोबर, पातळी चूक

‘नवं ऑईल खराब निघालं’ या कित्येक तक्रारींचं मूळ इथे असतं. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, ऑईल गरम अशा स्थितीत पातळी बघायची असते. डिपस्टिक नसेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला लेव्हल प्लग (पातळी बघायचं बूच) उघडून बारीक धार थेंबांवर येईपर्यंत थांबायचं. तापलेलं ऑईल फुगतं, त्यामुळे थंड असताना गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर ते जास्त होतं, फिरत्या भागांवर आपटून त्याचा फेस होतो आणि फेसाने प्रेशर धरत नाही.

चुकीचं ऑईल पडलंच असेल तर

ड्रेन नट उघडल्यावर सगळं ऑईल खाली येत नाही. बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि ऑईल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत राहतं. समजा एकूण १२ लिटर आहे आणि ५ लिटर निघालं. एकदा बदलल्यावर चुकीचं ऑईल ५८ टक्के उरतं, दुसऱ्यांदा ३४, तिसऱ्यांदा २०. मध्ये थोडी गाडी चालवून हेच तीनदा करावं लागतं. माझी थरथर दुसऱ्या खेपेला कमी झाली आणि तिसऱ्यानंतर गेली. थरथर थांबवायला ऑईलमध्ये ओतायच्या छोट्या बाटल्यांच्या नादी लागू नका. लक्षण झाकलं जातं आणि चुकीचं ऑईल आतच राहतं.

गिअरबॉक्सखालचं ऑईलचं चेंबर खोललंच आहे तर त्यातलं लोहचुंबक बघा. त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा गाळ असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर ऑईल बदलून भागणार नाही. ऑईल काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल तर प्लेटी जळल्या असण्याची शक्यता मोठी.

आणि ऑईल गुलाबी, दूध घातल्यासारखं दिसलं तर नव्या ऑईलचा डबा उघडूच नका. रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलेलं असतं आणि क्लच प्लेटवरचं कागदी अस्तर त्याने सुटतं. इंजिन चालू करू नका, गाडी टो करून न्या, आणि आधी तो कूलर बदलून घ्या.