मोठं अपडेट टाकल्यावर फोन ताळ्यावर कसा आणावा

फोनचं मोठं अपडेट आलं की दोन सल्ले हमखास कानावर येतात. पहिला, "टाकूच नको, फोन स्लो होतो." दुसरा, "टाकलंस ना? आता रिसेट मार," म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा कर. पहिल्याने फोन असुरक्षित राहतो आणि दुसऱ्याने चालू फोनचं वाटोळं होतं. नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत आणि निफाडच्या नातेवाइकांत कुणाचाही फोन अडला की तो माझ्याकडे येतो. त्यावरून सांगते: अपडेट टाकणं सोपं आहे. कस लागतो तो त्यानंतरच्या आठवड्यात, आणि त्या आठवड्याबद्दल धड कुणी बोलत नाही.

मोठं अपडेट म्हणजे अँड्रॉइड १५ वरून १६, किंवा आयफोनमध्ये आयओएस १८ वरून २६. मधले आकडे ॲपलने २०२५ मध्ये सोडून दिले, त्यामुळे आपली सात अपडेट्स राहिली की काय या काळजीत पडू नका. दर महिन्याला येणारं छोटं सुरक्षा अपडेट वेगळं. ते आलं की लगेच टाकावं.

पायरी १ : दिवस निवडा

मोठं अपडेट पहिल्या दिवशी टाकू नका. दोन-तीन आठवडे थांबलं की पहिल्या चुका दुरुस्त करणारा पॅच बहुतेक वेळा येतो. घरात लग्न, मुलांचे प्रवेश, प्रवास असं काही असेल तर त्या आठवड्यातही नको. द्राक्षवाल्यांना माझं कायम सांगणं असतं की ऑक्टोबरच्या छाटणीत आणि माल काढणीला आलेला असताना फोनला हात लावायचा नाही. एकदा वर गेलं की मागे फिरता येत नाही, असं धरूनच चाला. ॲपल जुन्या आवृत्तीवर परतायची वाट थोड्याच दिवसांत बंद करतं, आणि अँड्रॉइडवर जिथे मागे जाता येतं तिथे फोन पूर्ण पुसला जातो.

पायरी २ : तयारी आणि अपडेट

व्हॉट्सॲपचा बॅकअप, फोटोंचा बॅकअप, मोकळी जागा, वायफाय, चार्जर. हे तुम्हाला माहीत आहे.

अपडेट फक्त सेटिंग्जमधूनच टाकायचं. व्हॉट्सॲपवर "नवीन अपडेट" म्हणून आलेली फाइल किंवा लिंक उघडायची नाही, मग ती भावाने पाठवलेली का असेना. आरटीओच्या चलनाच्या नावाने फिरणाऱ्या फाइल्सनी लोकांची खाती अशीच रिकामी केली आहेत.

बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये नवी आवृत्ती मागच्या मागे दुसऱ्या कप्प्यात बसते आणि रीस्टार्टनंतर फोन त्या कप्प्यातून सुरू होतो. आयफोन आणि जुने फोन मात्र बराच वेळ काळ्या पडद्यावर थांबतात. पॉवरचं बटण दाबत बसू नका, होऊ द्या.

पायरी ३ : पहिले तीन दिवस आणि मागे झोपलेली ॲप्स

फोन सुरू झाला की पहिल्या दिवशी जाणवतं ते असं: फोन तापतो, चार्जिंग भराभर उतरतं, स्क्रोल करताना अडखळतो. लोक इथेच घाबरतात. अपडेटनंतर फोन आतल्या आत बरंच काम करत असतो. ॲप्स नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तयार होतात, फोटोंची सूची नव्याने बनते, प्ले स्टोअरवरून पाठोपाठ ॲप्सची अपडेट्स उतरतात. यातलं बरंचसं काम फोन चार्जिंगला लावून निवांत पडलेला असतो तेव्हाच होतं. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री फोन वायफाय चालू ठेवून, चार्जरला लावून, कव्हर काढून मोकळ्या जागेत ठेवा. उशीखाली नको. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य मानतं आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारचा पारा ४० च्या आसपास असतो, हे लक्षात ठेवून हे काम रात्रीच करा.

या तीन दिवसांत चार गोष्टी करायच्या नाहीत. बॅटरी सेव्हर सतत चालू ठेवायचा नाही, कारण तो मागची कामं रोखतो आणि तीच तर आपल्याला उरकून हवी असतात. "क्लीनर" किंवा "बूस्टर" नावाचं ॲप टाकायचं नाही. चालू असलेली ॲप्स सारखी सरकवून बंद करायची नाहीत. आणि फॅक्टरी रिसेट करायचा नाही. रिसेटमध्ये बॅकअप नसलेल्या चॅट जातात, बँकांची नोंदणी जाते, आणि ॲप्स पुन्हा उतरवून त्याच तीन दिवसांच्या तापाला पहिल्यापासून सुरुवात होते. दुकानात "रिसेट केला की बरा होतो" असं सांगतात, कारण दुकानदाराला ते दहा मिनिटांचं काम असतं. पुढचे दोन दिवस पासवर्ड शोधत तुम्ही बसता.

तापणं थांबलं म्हणजे सगळं जागेवर आलं असं नाही. या टप्प्याने मलाही सुरुवातीला फार छळलं, कारण बिघाड दिसत नाही. अपडेटनंतर बॅटरी वाचवण्याचे नियम बदलू शकतात, आणि काही ॲप्स मागे झोपवली जातात. ॲप उघडलं की सगळं व्यवस्थित असतं. फक्त त्याची नोटिफिकेशन वेळेवर येत नाही, आणि जी आलीच नाही ती आली नाही हे कळायला मार्ग नसतो.

निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. माझ्या मामांच्या बागेत हवामान केंद्र बसवलंय, तापमान उतरलं की त्याचं ॲप सूचना देतं. फोन अपडेट झाल्यावर ते ॲप गप्प झालं. मामी पहाटे अंगणात आल्या आणि गारठा पाहून त्यांनी हाक मारली म्हणून बाग वाचली. तेव्हापासून कुणाचाही फोन अपडेट केला की मी पुढची तपासणी केल्याशिवाय तो परत देत नाही.

आधी कागदावर तुमची महत्त्वाची ॲप्स लिहा. ज्याची सूचना चुकली तर नुकसान होतं, तेवढीच: बँक, व्हॉट्सॲप, शाळेचं ॲप, कंपनीचं ड्युटीचं ॲप, औषधाची आठवण, शेताचं ॲप. पाच-सहाच्या पुढे यादी जाऊ देऊ नका. सगळ्यांनाच जागं ठेवलं तर बॅटरी दुपारीच संपेल आणि तुम्ही पुन्हा अपडेटला शिव्या द्याल.

मग अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपसाठी सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी असं जाऊन "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा. मागे येऊन त्या ॲपच्या पानावर नोटिफिकेशनची परवानगी चालू आहे का बघा. अँड्रॉइड १३ पासून ती परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी लागते. तिथेच "वापरात नसेल तर थांबवा" अशा अर्थाचा एक स्विच असतो, तो या यादीतल्या ॲप्ससाठी बंद करा. नाहीतर काही महिने न उघडलेल्या ॲपची परवानगी फोन स्वतःहून काढून घेतो. शेताचं ॲप पावसाळाभर कोण उघडतं?

बहुतेक लेख इथे थांबतात, पण एवढ्याने भागत नाही. शाओमी, ओप्पो, व्हिवो, रिअलमी यांच्या फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" किंवा "ऑटो लाँच" नावाचा आणखी एक स्विच असतो. वरचं सगळं करूनही तो बंद असेल तर रीस्टार्टनंतर ॲप मागे सुरूच होत नसल्याचं बऱ्याचदा आढळतं. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये झोपलेल्या ॲप्सच्या याद्या असतात. तिथे "नेव्हर ऑटो स्लीपिंग" या यादीत तुमची पाच-सहा ॲप्स स्वतः घाला. आयफोनवर ॲपला मागे काम करू देणारं "बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश" आणि सूचना दाबून ठेवणारं "फोकस" ही दोन ठिकाणं बघा, आणि सूचना साठवून ठरल्या वेळी एकत्र देणारी "शेड्यूल्ड समरी" चालू असेल तर महत्त्वाची ॲप्स तिच्यातून बाहेर काढा.

शेवटी परीक्षा घ्या. फोन तासभर लॉक करून बाजूला ठेवा, मग दुसऱ्या फोनवरून व्हॉट्सॲप मेसेज पाठवा. गजर दहा मिनिटांनंतरचा लावून बघा. सेटिंग बरोबर दिसतंय म्हणून सोडून देऊ नका, आवाज कानाने ऐका.

आठवडा उलटूनही फोन खिशात पडल्या पडल्या तापत असेल तर बॅटरीच्या यादीत कोण वर आहे ते बघा. कळत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की तो मिळतो. त्यात आपण टाकलेली ॲप्स बंद राहतात. फोन तिथे थंड राहिला तर दोष एखाद्या ॲपचा आहे, ते शोधून काढून टाका. परत आल्यावर विजेट पुन्हा लावावी लागतील, तेवढं चालतं.

पायरी ४ : यूपीआय

भाजी घ्यायला पंचवटीत उतरण्याआधी घरीच एक रुपया पाठवून बघा. ॲप अडलं तर घाईने काढून पुन्हा टाकू नका. आधी प्ले स्टोअरवरून त्याचं अपडेट घ्या. पुन्हा नोंदणी करायचीच झाली तर बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. त्या सिमवर रिचार्ज हवा, आणि दोन सिम असतील तर बरोबर सिम निवडावं लागतं. ही नोंदणी नवी धरली गेली तर अँड्रॉइडवर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतात. कुणाचे पैसे द्यायचे असतील तर अपडेटच्या आदल्या दिवशी देऊन टाका.

पायरी ५ : रूप बदललंय

याची सवय होते. जे आवडत नाही ते बदलून घ्या. आयओएस २६ च्या काचेसारख्या पडद्यावर अक्षर वाचता येत नसेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये "रिड्यूस ट्रान्स्परन्सी" चालू करा. सॅमसंगच्या वन यूआय ७ (त्यांच्या फोनमधलं सॉफ्टवेअर) पासून वरून ओढायचा पडदा दोन भागांत आला, तो पॅनलच्या सेटिंगमध्ये "टुगेदर" निवडून पूर्वीसारखा एक करता येतो.

फोन उचलण्याची पद्धत बदलली असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडे मात्र लगेच बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या फोन ॲपचा पडदा बदलला तेव्हा अनेकांना फोन हॅक झाला असं वाटलं होतं. ते सिस्टीमचं अपडेट नव्हतं, फक्त ॲपचं होतं. त्या ॲपच्या सेटिंगमध्ये "इनकमिंग कॉल जेस्चर" असतं. आईला सरकवणं जमत नसेल तर "सिंगल टॅप" करून द्या आणि समोर बसून तिला दोन-तीन कॉल स्वतः उचलायला लावा. तुम्ही करून दाखवलंत तर तिचा हात तयार होत नाही.

पायरी ६ : पुढचं अपडेट आपोआप बसू नये म्हणून

अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला एरवी लपलेला, जाणकारांसाठीचा मेनू) "ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स" हा स्विच असतो. तो बंद केला की रीस्टार्टबरोबर अपडेट आपोआप लागू होत नाही. पण डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर काही बँकांची ॲप्स उघडत नाहीत. तसं झालं तर डेव्हलपर ऑप्शन्स वरूनच बंद करा, मग बँकेचं ॲप पुन्हा उघडा.