फ्लाइंगचं मेडिकल आणि ‘वेव्हर’ची आशा

साताऱ्यात फौजेची माहिती द्यायला माणूस शोधावा लागत नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव जिल्ह्यात आहे, १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली सैनिक स्कूल शहरात आहे, आणि प्रत्येक आळीत एखादे तरी रिटायर्ड सुभेदार असतातच. अडचण एवढीच, की त्यांच्याकडची माहिती भरतीच्या मेडिकलची असते. छाती किती फुगते, गुडघे एकमेकांना लागतात का, तळवा सपाट आहे का. हवाई दलात पायलट व्हायला निघालेल्या पोराला त्यातलं निम्मंच कामाला येतं. उरलेलं तो यूट्यूबवर शोधतो, आणि तिथं त्याला अमेरिकेतला ‘मेडिकल वेव्हर’ भेटतो.

मीही ॲफकॅटमधून, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेतून, फ्लाइंगसाठी गेलो तेव्हा हाच शब्द डोक्यात घेऊन गेलो होतो. अमेरिकेत एखादी गोष्ट नियमात बसत नसली, तरी धोका कमी आहे असं विमानवैद्यक डॉक्टरांना वाटलं तर सूट मिळू शकते. तिथल्या नौदलाच्या वैमानिकांच्या अशा केसेस फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला तपासल्या जातात. आपल्याकडे नव्या उमेदवाराला असा सवलतीचा अर्ज नसतो. मेडिकल बोर्ड तीनपैकी एक शेरा देतं: फिट, टेम्पररी अनफिट किंवा पर्मनंट अनफिट. शेरा पटला नाही तर अपील मेडिकल बोर्ड असतं. त्यात दुसरे डॉक्टर त्याच निकषांवर तुम्हाला पुन्हा तपासतात. निकष सैल होत नाहीत. त्याच्याही पुढे रिव्ह्यू बोर्ड आहे, पण ते मागितलं की मिळतंच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच. सूट मिळेल का, हे विचारण्याआधी आपलं शरीर कुठं अडकू शकतं ते घरी बसून माहीत करून घ्या. क्लासवाले इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात, ग्रुप टास्क करून घेतात, पण एसएसबीला (अधिकारी निवडीच्या मुलाखतीला) जाण्याआधी डोळे तपासून ये असं सांगणारे मला तरी कमीच भेटले.

सुरुवात शिंप्याच्या टेपपासून करा. फ्लाइंगला उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. बसून घेतलेली मापं कुणी सांगत नाही. भिंतीला पाठ आणि ढुंगण घट्ट टेकवून बसायचं, पाय समोर सरळ ताणायचे आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचं. हे ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये बसलं पाहिजे. गुडघा वाकवून भिंतीपासून गुडघ्यापर्यंत मोजलं तर ६४ च्या आत. बसल्यावर डोक्यापर्यंतची उंची ८१.५ ते ९६. कॉकपिटमधून सीटसकट बाहेर फेकलं जायची (इजेक्शनची) वेळ आली आणि मांडी लांब असली, तर गुडघे पुढच्या चौकटीवर आपटतील. याला औषध नाही, आणि अपिलात माप बदलत नाही. माझ्या ओळखीतला सहा फुटी गडी इथंच थांबला. वाईट वाटलं, पण त्यात त्याचा काय दोष?

डोळ्यांचं तसंच. एक डोळा ६/६, दुसरा ६/९ चालतो, पण तोही ६/६ पर्यंत सुधारता आला पाहिजे, आणि तेही प्लस नंबरने. मायनस नंबरचा चष्मा असेल तर फ्लाइंगचं दार बंद. ‘लेसिक (नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया) करून घेऊ की’ असं म्हणणाऱ्या बारावीच्या मुलांच्या आईबापांनी हे नीट वाचावं: वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत केलेली लेसिक धरली जात नाही, आणि एनडीएची (बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) वयोमर्यादा साडेएकोणीसला संपते. म्हणजे एनडीएसाठी लेसिक करणं म्हणजे पैसे घालवून दार लावून घेणं. रंग ओळखण्याची तपासणी गावातला कुठलाही नेत्रतज्ज्ञ ठिपक्यांच्या पुस्तकावर पाच मिनिटांत करतो. ती आधी करा. त्यातला दोष सहसा जन्माचा असतो.

पाठीचा एक्स-रे हा फ्लाइंगवाल्यांचा खरा घोर. मणक्यांत मर्यादेपेक्षा जास्त वाक असेल, कमरेचा शेवटचा मणका एकाच बाजूने माकडहाडाच्या वरच्या हाडाला जुळलेला असेल, तर दुखत नसतानाही अनफिट. उमेदवाराला पटत नाही, कारण तो अजिंक्यताऱ्यावर पळत चढून आलेला असतो. पण इजेक्शनचा दणका सरळ मणक्यावर बसतो, तिथं तुमचा स्टॅमिना कोण विचारतो!

आता जिथं आशा आहे ते. वजन जास्त, कानात मळ, वाकडं नाकाचं हाड, हर्निया, मूळव्याध अशा बऱ्याच गोष्टींना टेम्पररी अनफिट मिळतं आणि दुरुस्त होऊन परत येता येतं. अपीलची मुदत साधारण ४२ दिवसांची असते, आणि तेवढ्यात ऑपरेशन करून जखम भरून येणं कठीण. त्यामुळं नाक चोंदलेलं असेल तर कान-नाक-घसावाल्याला एसएसबीच्या आधीच दाखवा.

माझ्या ईसीजीत ‘इन्कम्प्लीट आरबीबीबी’ निघालं, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूला विजेचा संदेश थोडा उशिरा पोचतो. पट्टी मशीनमधून बाहेर आली, डॉक्टरांनी ती उजेडाकडं धरली आणि काही न बोलता एको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून दिला. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी मला जवळजवळ निरोपच दिला. एको नॉर्मल आला, हृदयाच्या रचनेत दोष नाही म्हटल्यावर फिट शेरा मिळाला. ही वेव्हर नव्हे, नियमातच तशी तरतूद आहे. (फिट झालो आणि मेरिट लिस्टमध्ये नाव आलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

जुनी ऑपरेशनं, आकडी येणं, दमा यातलं काही लपवू नका. आजारांची माहिती सही करून द्यावी लागते, आणि खोटं नंतर उघडं पडलं तर नोकरीच जाते. डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट एका फाईलला लावून ठेवा. अपीलला जाताना हीच फाईल लागते.

फ्लाइंग गेलं म्हणून हवाई दल गेलं असं नाही. ग्राउंड ड्युटीला (जमिनीवरच्या कामाच्या शाखांना) ठरावीक नंबरपर्यंत चष्मा चालतो. पण अर्ज भरताना त्या शाखेचा पर्याय दिलेला असला पाहिजे, नंतर मेडिकल बोर्डासमोर सांगून उपयोग नसतो.

आणि आपल्याकडच्या पोरांना एक खास सूचना. कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर किंवा छातीवर राजमुद्रा गोंदवून घ्यायची असेल, तर निवड होईपर्यंत तरी थांबा.