नव्या आरव्हीचा ‘नवा वास’: डोळे चुरचुरण्याआधी या चुका टाळा

जूनमधला शुक्रवार. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर आमच्या नव्याकोऱ्या आरव्हीतली, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घरातली (आम्ही त्याला ट्रेलर म्हणतो), पहिली रात्र. ताब्यात घेऊन जेमतेम आठ दिवस झाले होते, आणि ते आठही दिवस तो ह्यूस्टनच्या उन्हात, दारं-खिडक्या गच्च लावून उभा. मी दार उघडलं तशा सांगलीहून आलेल्या सासूबाई पायरीवरच थबकल्या. “अगं, कांदा कोण चिरतंय?” आत तर अजून गॅससुद्धा पेटवला नव्हता. रात्री दोनला मुलगी खोकत उठली. माझा घसा आतून खरवडल्यासारखा झाला होता. नवरा कूस बदलून म्हणाला, “नव्या गाडीचा वास आहे, जाईल.”

तो वास दोन आठवड्यांत बराच गेला. डोळ्यांची चुरचुर मात्र गेली नाही. तेव्हापासून या विषयात मी जरा जास्तच बुडाले. आम्ही केलेल्या आणि इथल्या आपल्या मंडळींना करताना पाहिलेल्या चुका एकदा लिहून टाकते.

आधी मामला काय आहे ते. ट्रेलरमधली कपाटं, पलंगाखालची फळी, डायनेटची म्हणजे जेवणाच्या टेबलाची बैठक, भिंतीचं पातळ पॅनेल हे सगळं प्लायवूड, पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) यांचं असतं. भुसा आणि पापुद्रे एकत्र धरून ठेवणारा गोंद बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो हळूहळू विघटित होतो आणि फॉर्मल्डिहाइड हा वायू सुटतो. घरातही हेच बोर्ड असतात, मग ट्रेलरमध्येच एवढा त्रास का? हिशोब करा. आतून २४ फूट लांब, ८ फूट रुंद, साडेसहा फूट उंच म्हणजे १,२४८ घनफूट हवा. १२ बाय १३ च्या, आठ फूट उंचीच्या एका बेडरूममध्ये नेमकी एवढीच हवा मावते. त्या एका खोलीत स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, चार जणांचे पलंग आणि सगळी कपाटं कोंबायची. बोर्ड घरभराचे, हवा एका खोलीची.

पहिली चूक: नाकावर भरवसा ठेवणं

नाक पंधरा-वीस मिनिटांत वासाला सरावतं. शिवाय ज्याला आपण ‘नवा वास’ म्हणतो तो एकट्या फॉर्मल्डिहाइडचा नसतो. विनाइलची जमीन, सीलंट, गादीतला फोम, सगळ्यांची खिचडी असते. यातल्या बऱ्याच गोष्टींचा वास लवकर उडतो. बोर्डातला गोंद मात्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं वायू सोडत राहतो. म्हणून वास गेला म्हणजे काम झालं असं नाही.

खरेदी करतानाही हीच फसगत होते. जानेवारीतल्या प्रदर्शनात, थंड हॉलमध्ये, दिवसभर दार उघडं असलेल्या ट्रेलरमध्ये काहीच जाणवत नाही. तोच ट्रेलर जुलैच्या दुपारी, आदल्या रात्रीपासून बंद ठेवलेला बघा. विक्रेता दार आधीच उघडून ठेवायला बघेल, त्याला नको म्हणा. ज्याला दम्याचा किंवा रसायनांचा त्रास आहे, त्याला मात्र या पहिल्या परीक्षेला पाठवू नका.

दुसरी चूक: बंद करून ठेवणं

आम्ही हेच केलं. पाऊस येईल, धूळ जाईल, चोर येईल म्हणून कुलूप लावून मोकळे झालो. ऊन आणि दमटपणा या दोन्ही गोष्टी वायू वाढवतात, आणि ह्यूस्टनला दोन्हींची कमतरता नाही.

उपाय अगदी साधा आहे, पण नीट करावा लागतो. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा आणि त्याच्यापासून सगळ्यात लांबची एकच खिडकी उघडा. पंख्याजवळची खिडकी उघडली तर हवा तिथल्या तिथे फिरते, दुसरं टोक तसंच कोंदट राहतं. सगळी कपाटं सताड उघडी. ड्रॉवर बाहेर काढा. गादीचं प्लास्टिक काढून ती उभी करा, पलंगाखालची फळी उचलून ठेवा. छताच्या झडपेवर पावसाचं झाकण बसवून घेतलं की पंखा पावसातही चालतो. आम्ही ट्रेलर ड्राइव्हवेत आणून सहा आठवडे पंखा जवळजवळ सतत चालवला. आठवड्याच्या सहली सोडा, हे आधी.

एसी लावला म्हणजे हवा खेळती झाली हा गैरसमज फार पसरलेला आहे. ट्रेलरच्या छतावरचा एसी साधारणपणे आतलीच हवा थंड करून परत आत सोडतो. थंडाव्याने आणि दमटपणा घटल्याने वायू थोडा कमी सुटतो एवढाच त्याचा फायदा.

‘भाजून काढा’ असाही सल्ला मिळतो: हीटर लावून आत खूप तापवायचं, म्हणजे सगळं एकदाच निघून जाईल. सगळं निघत नाही. गोंदाचं विघटन संपलेलं नसतं, म्हणून पातळी पुन्हा चढते. वर पॅनेल वाकतात, कडा उचकटतात. तापवायचंच असेल तर पंखा चालू ठेवून माफक तापवा, आणि त्या वेळात आत कोणी थांबू नका.

तिसरी चूक: वासावर वास

नवी गाडी आली की पूजा आलीच. नारळ, हळदकुंकू, आणि आत उदबत्ती. सासूबाईंनी वास जावा म्हणून वर धूपही घातला. आता गंमत अशी, की उदबत्तीच्या धुरातही फॉर्मल्डिहाइड असतं. नारळ टायरापाशी फोडा, उदबत्ती बाहेरच्या टेबलावर लावा; देवाची हरकत नसावी. प्रोपेनच्या शेगडीतूनही थोडं फॉर्मल्डिहाइड निघतं, म्हणून फोडणी घालताना पंखा हवाच. शेगडीवरचा हूड हवा खरंच बाहेर सोडतो की जाळीतून फिरवून परत आपल्याच तोंडावर मारतो, तेही एकदा हात लावून बघा.

एअर फ्रेशनरबद्दल बोलायलाच नको. ओझोनचं यंत्र तर आणूच नका. ओझोन स्वतः फुप्फुसांना घातक, आणि लिंबू-पाइनच्या सुगंधी रसायनांशी त्याची क्रिया झाली की नवं फॉर्मल्डिहाइड तयार होतं. हेपा फिल्टर धूळ आणि परागकण धरतो. वायू त्यातून आरपार जातो. साधा कोळशाचा फिल्टरही फॉर्मल्डिहाइडपुढे लवकर हात टेकतो. पोटॅशियम परमँगनेट चढवलेलं भरण असलेलं यंत्र त्यातल्या त्यात बरं. कुंडीतली झाडं? नासाच्या १९८९ च्या अहवालानंतर ही समजूत रुजली, पण ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते. मनीप्लांट शोभेला ठेवा.

चौथी चूक: स्वस्त मीटर आणि चुकीचं एकक

ऑनलाइन मिळणारा मीटर आम्हीही घेतला. मी हाताला सॅनिटायझर लावला आणि आकडा टणकन वर गेला, लाल दिवा लागला. या मीटरना अल्कोहोल, परफ्यूम आणि फॉर्मल्डिहाइड यांतला फरक नीट कळत नाही. त्यापेक्षा प्रयोगशाळेचा, हवेतला वायू धरून ठेवणारा छोटा बॅज मागवा. तो २४ तास पलंगाजवळ टांगायचा आणि पाकिटात बंद करून परत पाठवायचा. टांगताना ट्रेलर तुम्ही झोपता त्याच अवस्थेत असू द्या.

अहवालात आकडा कुठल्या एककात आहे ते आधी बघा. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग वायू) नव्हे, साधारण ०.०८ पीपीएम. आणि ०.७५ पीपीएमपर्यंत चालतं असं कोणी सांगितलं, तर तो आकडा कारखान्यातल्या धडधाकट कामगाराच्या आठ तासांच्या पाळीचा आहे. पाळण्यातल्या बाळाचा नव्हे.

पाचवी चूक: लेबल बघून निर्धास्त होणं

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त केला. फेमा या सरकारी आपत्ती संस्थेने बेघरांना ट्रेलर दिले, आणि थोड्याच दिवसांत नाकातून रक्त, खोकला, डोळ्यांची आग अशा तक्रारी सुरू झाल्या. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होम तपासली. फॉर्मल्डिहाइडची सरासरी ७७ पीपीबी (अब्जात ७७ भाग) निघाली, एका ठिकाणी ५९०. तीही हिवाळ्यातली मोजणी! पीपीबीला हजाराने भागलं की पीपीएम, म्हणजे सरासरीच डब्ल्यूएचओच्या मर्यादेला टेकलेली. त्याआधी २००४ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

पुढे २०१० मध्ये अमेरिकेत अशा बोर्डांतून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडवर मर्यादा घालणारा कायदा झाला. त्याखालचे नियम जून २०१८ पासून लागू झाले आणि आरव्हीतल्या बोर्डांनाही लागतात. ‘टीएससीए टायटल सहा’ असा शिक्का दिसतो तो त्याचाच. प्लायवूडला ०.०५, पार्टिकल बोर्डला ०.०९, एमडीएफला ०.११ पीपीएम. पण हे आकडे प्रयोगशाळेच्या कक्षात तपासलेल्या बोर्डाचे आहेत, तुमच्या बंद ट्रेलरमधल्या हवेचे नाहीत. शिक्का हवाच, त्याने फरकही पडला आहे; पण पंखा तरीही लावायचाच.

त्याची उलट बाजू: ‘मग जुना घेऊ, त्यातलं सगळं उडून गेलं असेल.’ बऱ्याचदा खरं आहे, आणि सोसत नसेल त्याला मी चार-पाच वर्षं वापरलेलाच सुचवेन. मात्र फेमाचे ट्रेलर ‘राहण्यासाठी नाही’ अशा स्टिकरांसह लिलावात विकले गेले होते, आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातली तेलगळती साफ करणारे कामगार त्यातल्याच काही ट्रेलरमध्ये राहताना सापडले. स्टिकर खरवडून निघतं. फार स्वस्तातला २००५-०६ चा ट्रेलर दिसला तर कागदपत्रं नीट तपासा.

सहावी चूक, आणि ही जिवावर बेतू शकते

प्रत्येक त्रास फॉर्मल्डिहाइडच्या माथी मारणं. त्याची खूण म्हणजे डोळे, नाक आणि घसा जळजळणं. डोकं जड, मळमळ, गरगर, सगळ्यांना एकदम झोप येणं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं, हे कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूमुळे असू शकतं. सगळे बाहेर पडा, ९११ हा इथला आणीबाणीचा नंबर लावा, बाकी नंतर. या वायूचा अलार्म बसवलेला असतोच, पण त्यालाही वापराची मुदत असते आणि ती मागच्या बाजूला छापलेली असते. आमच्या ओळखीत तो भाजी करताना वाजतो म्हणून एकाने काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता!

ज्याला सोसत नाही त्याच्याशी वागताना

रसायनांची अतिसंवेदनशीलता हा स्वतंत्र आजार मानायचा की नाही, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण माणसाला होणारा त्रास खराच असतो. “मला काही होत नाही, तुलाच कसं होतं?” हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलं आहे, दोनदा. दमा किंवा ॲलर्जी आहे का ते डॉक्टरकडून आधी तपासून घ्या. रोज कुठे होतो, काय लावलं, काय शिजवलं, केव्हा त्रास झाला, हे वहीत टिपून ठेवा; डॉक्टरला त्याचा उपयोग होतो. पहिली झोप घरासमोरच काढा, मध्यरात्री उठून आत जाता येतं. पहिल्याच सहलीला ८०० मैलांवर जाऊ नका.

कच्च्या कडा बंद करणं हाही चांगला उपाय आहे. आमच्या डायनेटच्या बैठकीखाली टॉर्च मारला तेव्हा पार्टिकल बोर्डाची कड तशीच उघडी दिसली, भुशाची वडी कापून ठेवल्यासारखी. वरून लॅमिनेटची चकचक, खाली काही नाही. यासाठीच बनवलेलं, कमी वासाचं पाण्यावर आधारित सीलर दोन हात मारलं, अरुंद फटींना ॲल्युमिनियमची टेप लावली. सीलर आधी लाकडाच्या एका तुकड्यावर लावून, वाळवून, ज्याला त्रास होतो त्याला हुंगायला द्या. नाहीतर औषधाचाच त्रास व्हायचा.

मालकाच्या पुस्तिकेतलं वायुवीजनाचं पान मी हे सगळं झाल्यावर वाचलं. हवा खेळती ठेवा, सुरुवातीला जास्त ठेवा, आणि हे वाहन अल्पकाळच्या मुक्कामासाठी बनवलेलं आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. बारा महिने त्यातच राहायचा बेत असेल तर हे पान आणि वॉरंटी सही करण्याआधी मागून घ्या.

ऑक्टोबरात दुसरा बॅज टांगला. आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली आला होता. सासूबाई तोवर सांगलीला परतल्या होत्या आणि तिथे मॉड्युलर किचनचं काम निघालं होतं. फोनवर मी सांगितलं: एमआर म्हणजे साध्या ओलाव्यापुरत्या ग्रेडच्या प्लायमध्ये तोच युरियाचा गोंद असतो, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला, फिनॉलच्या गोंदाचा प्लाय घ्या, बोर्ड घ्यायचाच तर निदान ई-वन, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या वर्गाचा मागा. त्यांनी फोन सुताराच्या हातात दिला. तो म्हणाला, “ताई, तुम्ही फक्त सनमायकाचा रंग सांगा.”