गोल्फचे बूट टाचेला चावतात? आधी टाच जागेवर बसवा

खारघर व्हॅलीच्या गोल्फ कोर्सवर दहाव्या-अकराव्या होलपाशी कुणी लंगडायला लागलं की सल्ले ठरलेले असतात. एक नंबर मोठा बूट घ्या. टाचेखाली जेलची गादी टाका. घरी गेल्यावर रुईचं पान शेकून बांधा. पहिल्या सल्ल्याने दुखणं बहुतेक वेळा वाढतं, दुसऱ्याने पुष्कळदा वाढतं. तिसऱ्याचं पुढे बघू.

चालत 18 होल खेळायचे तर 8 ते 10 किलोमीटर सहज होतात. त्यात सिडकोचं हे कोर्स डोंगराच्या कुशीत, म्हणजे चढ-उतार आलेच. चढावर टाच बुटातून वर निसटते, उतारावर अख्खा पाय पुढे सरकतो. शिवाय उजव्या हाताने खेळणाऱ्याची उजवी टाच प्रत्येक स्विंगच्या, म्हणजे काठी फिरवून मारलेल्या फटक्याच्या, शेवटी जमिनीवरून उचलली जाते, तेव्हा पुन्हा घासते. बूट घट्ट आहे म्हणून चावतो असं सगळे धरून चालतात. बहुतेकांचा बूट टाचेपाशी सैल असतो, म्हणून चावतो. अशा पायाला आणखी मोठा बूट चढवल्यावर काय होणार?

आधी बोट ठेवा

नुसतं "टाच दुखते" म्हणून भागत नाही. बूट काढा आणि एका बोटाने नेमकी जागा दाखवा. मागच्या बाजूला कातडी लाल झालीय, फोड आलाय, बुटाची कड टेकते तिथे हुळहुळतंय, तर दोष बुटाचा किंवा तो बांधण्याचा. तळव्याच्या बाजूने, टाचेच्या आतल्या अंगाला दाबल्यावर कळ येते आणि सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं नको होतात, तर ती प्लांटर फॅशियाची, म्हणजे तळव्याखालच्या जाड पट्ट्याची तक्रार. तिथे बूट फक्त भर घालतो. दोन्ही दुखणी वेगळी, उपाय वेगळे. दोन्ही एकदम असणारेही भेटतात.

बूट

बूट घ्यायला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. खेळताना घालता तेच मोजे सोबत न्या. माप मोठ्या पायाचं घ्या, आणि पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या एका अंगठ्याची रुंदी मोकळी राहू द्या. टाचेमागची भिंत हाताच्या अंगठ्याने दाबा. ती लगेच आत गेली तर बूट परत ठेवा. घरी असलेल्या बुटाचे स्पाइक, म्हणजे तळाला बसवलेले खिळ्यासारखे उंचवटे, बघा, झिजलेले बदला. टाचेखालचा सोल पातळ झाला असेल तर त्यातला कडक स्पाइक थेट टाचेला टोचतो, आणि माणूस उगाच गाद्या बदलत बसतो.

टाच अडकवणं

सगळा खेळ इथे आहे, आणि मी सर्वांत जास्त अडलो तो इथेच. धावणारे लोक ज्याला हील लॉक म्हणतात ती नाडीची पद्धत गोल्फच्या बुटाला उत्तम चालते. मात्र नाडी नेहमीपेक्षा एक माप लांब लागते.

नाडी रोजच्यासारखी तिरकी ओवत वर या आणि शेवटून दुसऱ्या भोकाशी थांबा. आता तिरकं जायचं नाही. त्याच बाजूच्या सगळ्यात वरच्या भोकात टोक बाहेरून आत घाला आणि दोन भोकांच्या मध्ये करंगळी जाईल एवढा फासा सोडा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं टोक डाव्या फाशातून काढा. इथवर एखादा व्हिडिओ बघून कुणालाही जमतं. बिघडतं ते आवळताना.

खुर्चीत बसा, पाय पुढे घ्या, टाच जमिनीवर आणि चवडा वर. त्याच स्थितीत टाच दोन-तीनदा मागे ठोका, म्हणजे ती बुटाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकते. चवडा खाली उतरवायचा नाही, तसाच वर ठेवून नाडी आवळायची. आपल्याकडे पाय स्टुलावर किंवा गाडीच्या बंपरवर टेकवून, वाकून, चवडा सपाट ठेवून नाडी बांधायची सवय आहे. त्यात टाच मागे बसलेलीच नसते. मग नाडी कितीही आवळा, पाय पुढे सरकलेल्या जागीच बांधला जातो, आणि तिसऱ्या होलपर्यंत टाच वरखाली करू लागते. मला हे उमगेपर्यंत मी नाड्यांना, मोज्यांना आणि बूट विकणाऱ्याला दोष देऊन झाला होता.

दुसरी गोष्ट खेचण्याच्या दिशेची. फाशांतून काढलेली टोकं वर, स्वतःकडे ओढू नका. ती दोन्ही बाजूंना, खाली टाचेच्या दिशेने ओढा. फासे घोट्यापाशी आवळतात आणि टाच मागे धरली जाते. मग साधी गाठ, वर आणखी एक. गोल नाडी सुटते, चपटी धरून ठेवते.

ताण सगळीकडे सारखा ठेवू नका. बोटांजवळ सैल, मध्ये बेताचा, वरच्या दोन भोकांशी पक्का. नाडी खालपासून करकचून आवळणाऱ्यांच्या पायाला पाचव्या होलपर्यंत वरून मुंग्या येतात, ते नाडी सैल करतात, आणि टाच पुन्हा मोकळी. जीभ एका बाजूला सरकली असेल तर आधी सरळ करा.

वरचं जादा भोक काही बुटांना नसतं. स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे जा. वाशीला, बेलापूरला, ठाण्यात, कुठेही तो पाच मिनिटांत भोक पाडून रिंग ठोकून देतो. फक्त भोक कडेपासून नीट आत पाडायला सांगा, नाहीतर ताणाने कातडं फाटतं. चकती फिरवून तार आवळणाऱ्या बुटांना ही युक्ती लागू नाही. तिथे टाच मागे ठोकून चकती फिरवायची, शंभरेक पावलं चालायचं आणि पुन्हा फिरवायची.

आता तपासणी. घरातल्या गुळगुळीत फरशीवर स्पाइक घालून चालू नका, घसराल. सोसायटीच्या पार्किंगचा उतार त्यासाठी झकास. भरभर वर जा, टाच उचलली जातेय का बघा. खाली या, बोटं पुढे आपटतायत का बघा. टाच किंचित हलली तर हरकत नाही, निसटत असेल तर सोडून पुन्हा बांधा. एवढं करूनही ढिलं वाटलं तर टाचेखाली गादी घालू नका. गादीने टाच उंचावते आणि बुटाच्या खोलगट भागातून वर येते, म्हणजे होती ती पकडही गेली. त्याऐवजी जिभेच्या आतल्या बाजूला फेल्टची पातळ पट्टी चिकटवा. ती पायाला मागे ढकलते. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे जेलच्या गाद्यांचा ढीग असतो.

फोड आणि मोजे

घासणाऱ्या जागी निघण्यापूर्वीच टेप लावा, फोड आल्यावर नव्हे. सुती मोजे घाम धरून ठेवतात, सिंथेटिक मिश्रणाचे घ्या आणि नऊ होलनंतर बदला. आलेला फोड फोडू नका.

तळव्याच्या बाजूने दुखत असेल तर

इथे बूट बदलून काम संपत नाही. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं धरून नडगीकडे ओढा, 10 सेकंद धरा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. त्यानंतर एक दिवसाआड बळ वाढवायचं: पायरीच्या कडेवर चवडे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, हळू वर, क्षणभर थांबा, हळू खाली. आठवड्यात गुण येणार नाही, महिने लागतात. कंटाळून सोडणारेच जास्त.

घरात अनवाणी हिंडणं थांबवा. कडक फरशी या दुखण्याची वैरीण आहे. "घरात चप्पल?" म्हणून आई नाक मुरडेल. त्यासाठी घरातलीच म्हणून वेगळी, धुतलेली जोडी ठेवा, आणि देवघराच्या दाराशी काढा.

एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की लोक हबकतात. काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेला तसा काटा असतो. तेवढ्यावरून ऑपरेशनच्या गोष्टी करू नका.

रुईच्या पानाचं आणि तापवलेल्या विटेचं म्हणाल, तर शेकून बरं वाटतं, त्यात वाद नाही. मधुमेह असेल तर मात्र अजिबात नको. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसतो आणि कळतही नाही. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवण्यालाही हीच सूचना. मधुमेह्याने साधा फोडसुद्धा डॉक्टरांना दाखवावा.

कधी थांबायचं

टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, खेळ बंद. रात्री झोपेत दुखणं, सूज, बधिरपणा असेल तर ऑर्थोपेडिककडे जा. चालताना टाचेच्या वर काहीतरी फटकन तुटल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही काळ आराम देतं, पण पुन्हा पुन्हा घेतल्यास तळव्याखालचा तो पट्टाच फाटण्याचा धोका असतो. स्पर्धा तोंडावर आली म्हणून इंजेक्शन मागायला जाऊ नका.

पावसाळा

भिजलेले बूट गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात वाळवू नका. कातडं कडक होतं आणि सगळ्यात आधी टाचेमागची कड चाकूसारखी होते. सुकतळा काढून वेगळा वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. कड कडक झालीच असेल तर मोच्याकडून आतून मऊ चामड्याची पट्टी लावून घ्या, आणि त्या बुटांनी पुढच्या वेळी नऊच होल खेळा.