अमेरिकेत नव्याने क्रेडिट हिस्ट्री उभी करताय? या चुका टाळा

दर ऑगस्टमध्ये डॅलसच्या आसपास मराठी मुलामुलींची नवी तुकडी उतरते आणि दिवाळीच्या सुमारास मला फोन यायला लागतात. "ताई, कार्डाचा अर्ज नाकारला." "ताई, स्कोअर एकदम पडला." दरवर्षी त्याच चुका ऐकून जीव तुटतो, म्हणून एकदा लिहून काढते.

आधी एक गैरसमज. सिबिलच्या नावात ट्रान्सयुनियन आहे, म्हणून तिथला ८०० चा स्कोअर इथेही चालेल असं अनेकांना वाटतं. चालत नाही. काही मोजक्या कंपन्या भारतातली नोंद बघून पहिलं कार्ड देतात, पण इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इथल्या तिन्ही ब्युरोंकडे तुमची फाइल कोरीच असते. एखादं खातं ६ महिन्यांचं होईपर्यंत फायको स्कोअर, म्हणजे इथल्या बहुतेक बँका बघतात तो स्कोअर, तयारच होत नाही. डेबिट कार्ड कितीही वापरलंत तरी त्यात काही जमा होत नाही. २०० डॉलर अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्यायला मुलं लाजतात. त्यात लाजण्यासारखं काय आहे? माझंही पहिलं कार्ड तेच होतं.

आता माझा सगळ्यात मोठा राग: "स्कोअर वाढवायचा तर थोडी बाकी ठेवावी लागते." हे कोण पसरवतं कळत नाही, पण त्यापायी मुलं वीस-पंचवीस टक्के व्याज भरतात. बाकी ठेवून काहीही मिळत नाही. खरा घोटाळा दोन तारखांचा आहे. स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची रक्कम साधारणपणे ब्युरोकडे जाते, आणि पैसे भरायची शेवटची तारीख त्यानंतर किमान २१ दिवसांनी असते. ५०० डॉलरची मर्यादा आहे आणि विमानाचं तिकीट काढून ४६० झाले, तर तुम्ही नंतर पै न् पै वेळेवर भरली तरी त्या महिन्यात मर्यादेच्या ९२ टक्के वापर दिसतो आणि स्कोअर पडतो. मी स्टेटमेंटच्या तीन-चार दिवस आधी बहुतेक पैसे भरून टाकते, वीस-तीस डॉलर उरू देते आणि स्टेटमेंट आलं की तेही पूर्ण भरते. तरीही एखाद्या महिन्यात वापराचा आकडा चढून स्कोअर पडला तर घाबरू नका. वापर खाली आला की नेहमीचा फायको स्कोअर पुढच्या महिन्यात सावरतो. रोज ॲप उघडून स्कोअर बघणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

न सावरणारी चूक वेगळीच असते. आमच्या ओळखीचा एक मुलगा रिचर्डसनचं अपार्टमेंट सोडून नोकरीसाठी अर्व्हिंगला गेला. इंटरनेट त्याच्या नावावर होतं, मोडेम रूममेट परत करणार होते. कुणीच केला नाही. १६० डॉलरचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं, तोवर रूममेटही पांगले होते. बिल कलेक्शनला, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या कंपनीकडे गेलं आणि त्याला ते कळलं दोन वर्षांनी, गाडीचं कर्ज घेताना. मी त्याच्या शेजारीच बसले होते. एकदाही कार्डाचा हप्ता न चुकवलेला मुलगा, पण व्याजदर ऐकून त्याचा चेहरा उतरला. पैसे त्याने त्याच संध्याकाळी भरले. पण कलेक्शनची नोंद मूळ थकबाकीपासून ७ वर्षं राहू शकते, आणि भरलेलं कलेक्शन सोडून देणारी नवी स्कोअर पद्धत प्रत्येक बँक वापरत नाही. म्हणून घर सोडताना मोडेम स्वतः परत करा, पावतीचा फोटो ठेवा, पोस्टात पत्ता बदला आणि वीज, इंटरनेट, गॅस यांची "बाकी शून्य" अशी ईमेल मागून घ्या. रूममेटवर विसंबू नका, तो कितीही जवळचा असो.

बाकीचं थोडक्यात. एका आठवड्यात चार कार्डांना अर्ज करू नका, प्रत्येक अर्जामागे बँक करते ती चौकशी रिपोर्टवर २ वर्षं दिसते. पहिलं कार्ड वार्षिक फी नसेल तर बंद करू नका, त्यावर एखादी लहान वर्गणी चालू ठेवा. बँक खातं बदललंत की ऑटोपे पुन्हा लावा, विशेषतः डिसेंबरात भारतात जाण्याआधी. तारीख चुकलीच तर आजच भरा: दंड बसेल, पण उशीर ३० दिवसांचा होईपर्यंत ब्युरोकडे जात नाही. सोशल सिक्युरिटी, बँक आणि भाडेकरार, सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहा. आपलं मधलं वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, आणि मग नोंदी जुळत नाहीत. पैसे घेऊन अनोळखी माणसाच्या कार्डावर तुमचं नाव चढवून देणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. सहा महिने थांबण्याला पर्याय नाही.

ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात. मी दर तीन महिन्यांनी बघते. चूक दिसली तर ब्युरोकडे तक्रार करा, त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. त्या मुलाने ही साइट एकदा जरी उघडली असती, तरी मोडेमचं बिल गाडीच्या दुकानात जाण्याच्या कितीतरी आधी सापडलं असतं.